भागीरथेच्या कमरेची किल्ली

वाडीच्या जकात नाक्यावर उभा राहिलेला ट्रक सकाळी नुसताच खोकला आणि चालू झाला नाही, की ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगत, "जा, वहिनीच्या कानाखाली ठेवून ये." परगावच्या ड्रायव्हरला हे ऐकून हसू यायचं. मग तो बॅटरी खांद्यावर घेऊन अमरावती रोडच्या कडेच्या त्या टिनाच्या दुकानात यायचा आणि पाहायचा, तर खरंच एक बाई पदर खोचून, डोळे मिटून बॅटरीपाशी कान लावून बसलेली असायची.

ती बाई म्हणजे भागीरथा. दुकान तिच्या नवऱ्याचं, चंपतराव भोयरांचं. पाटीवर नावही त्यांचंच होतं, पिवळ्या रंगात. पण मागच्या खोलीची किल्ली मात्र बारा वर्षं भागीरथेच्या कमरेला होती, काळ्या गोफात ओवून खोचलेली. पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागची चार्जिंगची. मागच्या खोलीत लाकडी फळ्यांवर आठ-दहा बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या असत, तारांनी एकमेकींना जोडलेल्या, आणि कोपऱ्यात लोखंडी पेटीसारखा चार्जर घुंऽऽ करत असे. एक दार, समोरासमोर दोन खिडक्या. त्या खोलीत तिच्या परवानगीशिवाय चंपतरावही जात नसत. बिडी तर दुकानाच्या पायरीवरच विझवून यायची, मग तो कितीही मोठा ट्रान्सपोर्टवाला असो.

एकाहत्तर साली काटोलकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन आली, तेव्हा बॅटरी म्हणजे हातातल्या टॉर्चमध्ये घालतात ती, एवढंच तिला ठाऊक होतं. शाळा चौथीपर्यंत. चंपतरावांनी तिला दोनच गोष्टी शिकवल्या. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी ओतायचं नाही. आणि चार्जरच्या तारांचे चिमटे लावल्यावरच बटण दाबायचं, बटण बंद केल्यावरच चिमटे काढायचे. बाकी सगळं ती आपलं आपण शिकली. ॲसिडच्या शिंतोड्यांनी तिच्या प्रत्येक लुगड्याची गुडघ्यापाशी चाळण झाली. ॲसिड सांडलं तर वर टाकायला दाराशी खायच्या सोड्याचा डबा कायम भरलेला ठेवायचा, हे तिनंच सुरू केलं.

कान लावायचं असं होतं. बॅटरी चार्जिंगला लावली, की आधी ती मुकी असते. पाच-सहा तासांनी आत बारीक सरसर सुरू होते, लांब कुठं तरी पाऊस पडत असावा तशी. मग भाताला आधण आल्यासारखी रटरट. ती रटरट बॅटरीच्या सहाही खणांतून सारखी यायला लागली, की बॅटरी भरली. एखादा खण मुका राहिला, तर तो मेला. पोटाला हात लावून गरम लागली, तर करंट कमी करायचा. ड्रायव्हर म्हणायचे, वहिनी बॅटरीची नाडी पाहते. हे ऐकलं की भागीरथा तोंड फिरवून कामाला लागायची, पण त्या दिवशी भाजीला तेल जरा जास्त पडायचं.

असं सगळं ठीक चाललेलं असताना ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर धाकट्या दिराचं, रुपरावांचं लग्न झालं आणि शामला घरात आली.

शामला शहरातली. वडील सदरला एका कचेरीत शिपाई. मुलगी मॅट्रिक झालेली, अक्षर छापल्यासारखं. दिसायला बरी, बोलायला गोड, कामाला उरकती. तिच्यात नाव ठेवायला काही सापडलं नाही, आणि भागीरथेचा पहिला राग त्याचाच होता.

दुकानातल्या टेबलाच्या खणात एक काचेची नळी वर्षानुवर्षं पडून होती. वर रबराचा फुगा, आत बुडणारी-तरंगणारी एक चिमुकली बाटली आणि तिच्यावर आकडे. ॲसिड किती कडक आहे ते तिच्यावरून कळतं, त्यावरून बॅटरी किती भरली ते कळतं. चंपतरावांनी ती सीताबर्डीच्या बाजारातून हौसेनं आणली होती आणि आकडे वाचायचा कंटाळा करून खणात टाकली होती. शामलानं ती धुतली, पुसली आणि एक दिवस ट्रकच्या बॅटरीत बुडवून म्हणाली, "बाराशे पन्नास. भरली ही, भाऊजी."

चंपतराव नळीत डोकावले. "अरे वा. बरोबर दिसून राहिलं गा, रुपराव. पाय."

"मी तर मघाशीच सांगतलं, भरली म्हून," भागीरथा म्हणाली.

"व्हय, पण हे आकड्यात आलं ना," चंपतराव म्हणाले.

शामला प्रत्येक बॅटरीच्या अंगावर खडूनं आकडे लिहू लागली. आकडा आणि भागीरथेचा कान यांचं एकदाही वाकडं आलं नाही. भागीरथेनं 'भरली' म्हणावं आणि नळीनं बाराशे पन्नास दाखवावं. तरी गिऱ्हाईक आता खडूचा आकडा बघायचं. जुना ओळखीचा एक सरदारजी ड्रायव्हर तर सरळ म्हणाला, "भाभी, जरा छोटी भाभी को बुलाओ, नंबर देख लेगी." भागीरथेनं शामलाला हाक मारली. मग मागच्या अंगणात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासली.

शेजारी बायजाबाईचं चहाचं टपरं होतं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "काय वं भागीरथे, आता तुह्या कानाले पेन्शन भेटली म्हन्तात?"

"माह्या कानाचं तू नको पाहू. तुह्या चहात साखर पाय."

"साखर हाय. तूच कडू होऊन राहिली."

भागीरथा देवभोळी नव्हती, पण देवाला मानणारी होती. पुढच्या खोलीत कोराडीच्या देवीचा फोटो होता. त्याच्यापुढं संध्याकाळी दिवा लावताना ती रोज म्हणायची, "माय, एवढं माह्या मनातलं काढून घे." आणि दिवा लावून मागं वळली, की शामला कुणा गिऱ्हाइकाला आकडा समजावत असायची. देवीनं काढून घेतलेलं तिथल्या तिथं परत भरायचं.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात एक जीप दुकानासमोर थांबली. त्यातून गिरिधर नावाचा एक चष्मेवाला माणूस उतरला. कोंढाळीच्या पलीकडं आतल्या बाजूला एक खेडं होतं, तिथं विजेचे खांब पोचले नव्हते. कुण्या संस्थेनं तिथं उन्हावर चालणारे पाच दिवे लावले होते. छपरावर काचेच्या निळ्या पाट्या, त्या दिवसभर ऊन पितात, ती वीज बॅटरीत साठते आणि अंधार पडला की चावडीवर, विहिरीपाशी, शाळेत ट्यूबलाइट लागते. प्रत्येक बॅटरीजवळ एक डबी, तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल दिवा. बॅटरी भरली की तो लागतो.

"पण तीन आठवडे झाले, ऊनच नाही," गिरिधर म्हणाला. "बॅटऱ्या पार बसल्या. तुमच्याकडं भरून द्याल का? पण ट्रकसारख्या धडाधड नाही. कमी करंटवर, सावकाश. आणि प्रत्येक खणाची नोंद हवी, या कागदावर."

कागद पाहताच चंपतरावांनी हाक मारली. कुणाला, ते सांगायला नको.

शामलानं कागद वाचला, सोबतची छापील पुस्तिका वाचली, दोन प्रश्न विचारले. गिरिधर खूश झाला. भागीरथा त्या लाल दिव्याच्या डबीकडं पाहत होती. आत कान नाही, हात नाही, आणि बॅटरी भरली हे त्या ठिपक्याला कळतं म्हणे. तिला त्या ठिपक्याचाही राग आला.

जीप गेल्यावर चंपतराव जरा घुटमळले. मग म्हणाले, "भागीरथे, ते किल्ली शामलाजवळ दे. तिले दर तीन घंट्यांनी आत जाऊन नोंद करा लागते. घडीघडी तुले कायले उठवायचं?"

"मी नाई म्हटलं काय उठाले?"

"तसं नाई वं. जबाबदारीचं काम हाय. कागदावर सही तिची हाय."

भागीरथेनं गोफ सोडला. गाठ बारा वर्षांची, पाण्यानं आणि घामानं आवळलेली. ती सुटेना, तेव्हा तिनं विळीवर गोफच कापला आणि किल्ली शामलाच्या हातात दिली. शामला म्हणाली, "बाई, राहू द्या ना तुमच्याजवळच. मी मागून घेत जाईन."

"तुह्याजवळच ठेव. जबाबदारीचं काम हाय."

त्या दिवसापासून भागीरथेचा हात दिवसातून दहादा कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा. दुसरं काही तिला नको होतं. साडी नको, दागिना नको, गिरिधरची शाबासकीही नको. ती किल्ली तेवढी परत हवी होती. पण मागून नको. त्यांनी आपणहून द्यावी, चुकलं म्हणून द्यावी. शामलाच्या हातून काहीतरी चुकावं, म्हणजे आपोआप होईल. ती देवीपुढं असं कधी बोलली नाही. पण देवीला ते ऐकू जात असेल, या धाकानं ती फोटोकडं बघायचं टाळू लागली.

शामला चुकत नव्हती. खिडक्या उघडायची, बुचं सैल करायची, चिमटे नीट लावायची, आकडे लिहायची. गावच्या बॅटऱ्या आल्या, भरल्या, गेल्या, पुन्हा आल्या. पावसाळा सरला तरी आभाळ हटेना, आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी पाचही बॅटऱ्या परत दुकानात आल्या. दसऱ्याला गावात उजेड पाहिजे, लहानू दुपारी येऊन घेऊन जाईल, असा निरोप होता. लहानू म्हणजे तिथला दिवाबत्ती बघणारा माणूस.

इथं भागीरथेच्या एका नेमाबद्दल सांगायला हवं.

दसऱ्याला आपल्याकडं अवजारांची पूजा होते. सुतार करवतीची करतो, शिंपी मशीनची, ट्रकवाला ट्रकची. भोयरांच्या दुकानात चार्जरची आणि बॅटऱ्यांची व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती, निरांजन. पण भागीरथेचा नेम असा, की आदल्या दिवशी संध्याकाळीच चार्जर बंद करायचा आणि रात्रभर, सकाळभर दार-खिडक्या सताड उघड्या टाकायच्या. हळदकुंकू आत जाऊन वाहायचं. दिवा मात्र उंबरठ्याच्या आत न्यायचा नाही, आरती बाहेरून ओवाळायची. चंपतरावांना वाटायचं, बाईमाणसाचं सोवळं असेल, जिचं तिनं पाळावं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

कारण सांगायचं, तर पहिल्या वर्षाची गोष्ट सांगावी लागली असती. एकाहत्तरचा दसरा. चंपतराव नाक्यावर गेलेले. ती नवी, हातात हिरव्या बांगड्या. तिनं हौसेनं निरांजन घेऊन खोलीत जाऊन पहिल्याच बॅटरीला ओवाळलं आणि फट् असा आवाज झाला. बूच उडून छताच्या टिनावर आदळलं, बॅटरी तडकली. चेहरा वळलेला होता म्हणून वाचला. ॲसिड मनगटावर आलं. भरणाऱ्या बॅटरीतून रटरट येते तो नुसता आवाज नसतो, त्यातून हवा निघते आणि त्या हवेला आग चालत नाही, हे तिला त्या क्षणी समजलं. तिनं हात घागरीत बुडवला, फरशीवर सोडा टाकला, फुटलेली बॅटरी हातातून पडली असं सांगितलं. नव्या सुनेनं पहिल्याच दसऱ्याला असा अपशकुन केला, हे कुणाला कळू नये म्हणून. पुढं वर्षं गेली तसं सांगणं अवघडच होत गेलं. आणि खरं म्हणजे, आपल्यालाच ठाऊक आहे, यात एक गोडीही होती.

दसऱ्याच्या सकाळी ती पुढच्या खोलीत झेंडूची माळ ओवत बसली होती. शामला पहाटेपासून मागच्या खोलीत. फरशी धुतली, रांगोळी काढली, पाचही बॅटऱ्या ओल्या फडक्यानं पुसून त्यांच्यावर कुंकवाची स्वस्तिकं काढली. ओवलेली माळ द्यायला म्हणून भागीरथा उठून दारापर्यंत गेली आणि थांबली.

दोन्ही खिडक्या बंद होत्या.

"अमरावती रोडची धूळ सगळी रांगोळीवर आली असती, बाई," शामला म्हणाली. "म्हून रात्रीच लावून घेतल्या."

"चार्जर?"

"आत्ताच बंद केला. रात्रभर कमी करंटवर चालू होता. पुस्तकात लिहिलं हाय ना, चार्जिंग चालू असताना आग आनू नका. म्हून पूजेआधी आठवणीनं बंद केला."

भागीरथेच्या घशाशी तो आंबट, घसा खरवडणारा वास आला. रात्रभराची हवा खोलीत कोंडलेली. चार्जर बंद केला म्हणजे ती हवा कुठं गेली नव्हती. पुस्तकात आग आणू नका लिहिलं होतं, किती वेळ थांबायचं ते लिहिलं नव्हतं. किंवा लिहिलं असेल, शामलानं वाचलं नसेल. कसं का असेना, शामला चुकली होती.

भागीरथेनं माळ तिच्या हातात दिली आणि काही न बोलता मागं फिरली.

एक बूच उडू दे, ती मनात म्हणाली. नुसतं एक. माझं उडालं तेव्हा काय झालं होतं, एक मनगट. आवाज सगळ्यांनी ऐकू दे. मग पाहू आकडे काय म्हणतात.

चंपतराव नवा सदरा घालून आले. रुपराव नारळ घेऊन. शामलानं पुढच्या खोलीत देवीसमोर निरांजन लावलं, ताट सजवलं, आणि ते ताट घेऊन सरळ भागीरथेपुढं आली. "बाई, आरती तुम्ही करा. मोठ्या तुम्हीच."

ताट अगदी हाताशी होतं. घेतलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. खिडक्या उघडा, दोन घंटे थांबा, एवढंच म्हणायचं होतं. भागीरथा म्हणाली, "किल्ली ज्याच्याजवळ, आरती त्यानंच करावी."

"वहिनी, सणाच्या दिवशी तरी," रुपराव पुटपुटले.

शामलाचा चेहरा उतरला. पण तिनं ताट तसंच धरून मागच्या खोलीचा उंबरठा ओलांडला. पहिल्या बॅटरीपुढं वाकली. नीट ओवाळता यावं म्हणून चांगलीच वाकली. भागीरथेला दारातून तिची मान दिसली, मंगळसूत्राचे मणी मागं सरकलेले, आणि ताट धरलेली बोटं. बोटांच्या टोकांना खडू लागलेला होता. न्हाताना चोळूनही न गेलेला.

एकाहत्तर साली आपला चेहरा वळलेला होता. हिचा वळलेला नव्हता.

भागीरथा कशी धावली ते तिलाही पुढं आठवत नसे. तिनं उजव्या हाताच्या मुठीत निरांजनाची ज्योतच दाबली, डाव्या हातानं शामलाची वेणी धरली आणि तिला ओढत उंबरठ्याबाहेर आणलं. ताट पुढच्या खोलीत आदळलं. उदबत्त्या विखुरल्या, त्या तिनं पायानं चिरडल्या. कुंकू फरशीवर सांडलं. शामला भिंतीला टेकून तिच्याकडं बघत राहिली.

"पागल झाली काय तू?" चंपतराव म्हणाले.

रुपराव पुढं झाले. "मले माहीत होतं. हे एक दिवस होनारच होतं. वहिनी, तिच्या हातची आरती तुम्हाले एवढी सलून राहिली होती?"

टपरीवरून बायजाबाई येऊन दारात उभी राहिली होती. ती काही बोलली नाही, म्हणजे तिचंही मत तेच होतं.

भागीरथा आत गेली आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. सावकाश, कडी घासून ठिणगी पडू नये अशा बेतानं. मग बाहेर येऊन तिनं डाव्या मनगटावरच्या बांगड्या कोपराकडं सरकवल्या. खाली कातडीचा एक पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. बारा वर्षं त्यावर बांगड्या होत्या. चंपतरावांनी तो पाहिला होता, पण त्यांना वाटायचं, चुलीचं भाजलेलं असेल.

"एकाहत्तरचा दसरा," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. बूच कसं उडालं, घागर, सोडा, पडलेली बॅटरी. "चार्जर बंद केला तरी ते हवा आत राहते. वरतं, टिनाखाली साचते. खिडक्या बंद होत्या. आज पाच बॅटऱ्या होत्या, एक नाई."

चंपतराव खाली बसले. मग ते उठले, शामलापुढं जाऊन हात पसरून म्हणाले, "आन ते किल्ली. पुस्तक वाचून काम करते. आज घरातलं मानूस गेलं असतं."

शामलानं किल्ली काढून दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडली नाही. चंपतरावांनी किल्ली भागीरथेपुढं धरली. "घे. माहं चुकलं. तुह्याजवळच राहाले पाहिजे होती."

हेच. नेमके हेच शब्द तिनं तीन महिने मनात ऐकले होते. हात कमरेपर्यंत गेलाही, गोफ चाचपायला. समोर शामला उभी होती, केसांची वेणी अर्धी सुटलेली.

"तिले मी सांगतलं नव्हतं," भागीरथा म्हणाली.

"नसंल सांगतलं. तिनं इचारा लागत होतं."

"तसं नाई." तिनं सरकवलेल्या बांगड्या पुन्हा मनगटावर ओढल्या. "मी माळ द्यायले गेली तवाच मले खिडक्या दिसल्या. वासबी आला. मी परत येऊन बसली. मले माहीत होतं, काय होनार ते. मी पाहून राहिली होती."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, टिन थरथरले. बायजाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती आपल्या टपरीकडं निघून गेली. या गोष्टीवर ती पुढं कधीही, कुणापाशीही बोलली नाही. तिच्याकडून एवढं कुणालाच अपेक्षित नव्हतं.

शेवटी शामलाच बोलली. "मी ताट तुम्हाले देल्लं होतं, बाई."

"व्हय."

"तवा तरी सांगाले पाहिजे होतं."

"व्हय."

ती 'जाऊ द्या' म्हणाली नाही. पाया पडली नाही, गळ्यातही पडली नाही. खाली बसून सांडलेलं कुंकू एका कागदावर गोळा करू लागली. थोड्या वेळानं भागीरथा तिच्याजवळ बसली आणि तिनं आपल्या पोळलेल्या तळहातानं जमेल तसं उरलेलं गोळा केलं. चंपतरावांनी किल्ली दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली आणि हात झटकले, जणू किल्लीच तापलेली होती.

जेवणं झाल्यावर शामलानं विचारलं. आवाज कोरडाच होता. "किती वेळ उघडं ठेवा लागते?"

"कमीत कमी दोन घंटे. पंखा नाई लावायचा, त्याच्या बटनात ठिनगी पडते. आपोआप जाऊ द्यायची हवा."

"अजून?"

"चिमटा काढायच्या आधी बॅटरी मुकी हाय का ते आयकायचं. सरसर येत असली तर थांबायचं. ते तुह्या नळीत दिसत नाई."

"थांबा." शामलानं खडू आणला आणि चार्जिंगच्या खोलीच्या काळ्या दारावर लिहायला लागली. भागीरथा एकेक सांगत गेली, शामला लिहीत गेली. दिवा उंबरठ्याच्या आत नाही. खिडक्या धुळीसाठीही बंद नाही. सहा-सात ओळी झाल्या. गोल, ताठ, सुंदर अक्षरं. आपल्या तोंडचे शब्द त्या अक्षरांत बघून भागीरथेला बरं वाटलं, आणि मग वाटलं, येणारा-जाणारा म्हणेल, काय शहाणी आहे ही धाकटी.

"खाली माहं नाव टाक," ती म्हणाली.

शामलानं मान वळवून पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं लिहिलं, 'सांगणार भागीरथाबाई भोयर.' मग क्षणभर थांबून पुढं जोडलं, 'लिहिणार शामला.' भागीरथेला त्या दुसऱ्या दोन शब्दांची गरज वाटली नव्हती. पण तिनं ते राहू दिलं.

दुपारी लहानू आला. बॅटऱ्या जीपमध्ये चढवल्या. आपट्याची पानं काढून तो आधी शामलाकडं गेला. "घ्या दिव्यावाल्या बाई, सोनं घ्या. तुमच्यामुळं गावात उजेड हाय." मग चंपतरावांना दिलं, रुपरावांना दिलं, आणि शेवटी भागीरथेला. भागीरथेनं पान घेतलं, कपाळाला लावलं. राग आलाच, अगदी आधीसारखा. देवीनं काढून घेतलेलं नव्हतंच काही. ती लहानूला म्हणाली, "बॅटरी आडवी नको ठेवू गा. आन बिडी गावात जाऊन पी, जीपमधी नाई."

किल्ली त्या दिवसापासून रात्री खिळ्यालाच राहू लागली. जी आधी उठेल तिनं काढायची आणि खोली उघडायची, असं कुणी ठरवलं नाही, पण तसं झालं. भागीरथा मग पहाटे लवकर उठू लागली. आंघोळीआधी, देवापुढं दिवा लावण्याआधी ती अनवाणी दारापाशी जाऊन किल्ली काढायची आणि कमरेला खोचायची. दिवसभर ती तिथंच असायची.

शामला बहुतेक दिवस मुद्दाम उशिरा उठते, हे भागीरथेला पुढं कळलं. तिला त्याचाही राग आला. दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर उठली.